पेंढी संपेपर्यंत

जव्हारच्या आमच्या गल्लीत आठवड्याचा बाजार भरायचा, आणि त्या एका दिवसात मी हसायचो, रागवायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो आणि पुढच्या बाजाराची वाट पाहायला लागायचो. अजून डोळे मिटले की ती गल्ली दिसते. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये जेमतेम दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी वाट, आणि त्या वाटेत साठ गाड्या! भाताच्या, नागलीच्या, हिरड्याच्या, कोळशाच्या, बांबूच्या. आलेली गाडी उभी राहायची ती सूर्य कलेपर्यंत हलायची नाही. पुढच्याला जायचं असलं तर मागचे सगळे अडलेले, मागच्याला वळायचं असलं तर पुढचे शिव्या देणार. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका बैलांच्या शिंगांखालून वाकून जायच्या.

मी त्या गल्लीतला लोहार. वडील गेल्यावर बाविसाव्या वर्षी दुकान माझ्याकडे आलं. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची, आख सरळ करायचा, नांगराचे फाळ पाजवायचे, हे काम. धंदा सगळा बाजारच्या दिवसाचा. बाकीचे सहा दिवस मी भात्यापुढे बसून त्या एका दिवसासाठी फाळ घडवायचो. गाड्यांची कोंडी म्हणजे माझ्या दृष्टीने बरकत. अडकलेल्या गाडीवानाला दुसरं काम काय? तो चाकं दाखवायला माझ्याकडेच येणार.

अशा मला एके दिवशी कळलं की बाजार जाणार.

संस्थानच्या दरबारातले एक साहेब होते, रस्ते आणि बाजार त्यांच्याकडे. त्यांचा टांगा त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी अडकला तो अडकलाच. घोडा बांबूच्या गाडीत तोंड खुपसून उभा, आणि साहेब खाली उतरून खिशातलं घड्याळ पाहतायत. सगळे दुकानदार हात जोडून गोळा झालो. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "चार बाजार देतो. चौथ्या बाजाराला मी या तोंडाने आत शिरेन आणि त्या तोंडाने बाहेर पडेन. घोडा एकदाही थांबला नाही तर बाजार इथेच राहील. थांबला, तर गावाबाहेर माळावर नेईन."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुकानदार आपली पोती उचलून माळावर नेऊ शकत होते. भट्टी कशी नेणार? माळावर ना सावली ना विहीर. शिवाय तिथे गाड्या अशा ऐसपैस उभ्या राहतील की चार लोहार जाऊन बसतील. बाजार हलला म्हणजे वडिलांनी घालून दिलेलं दुकान बंद, हे मला तिथल्या तिथे दिसलं.

दुकानदारांची बैठक बसली. माझ्या समोरच्या दुकानाचे धान्याचे शेठ वयाने आणि पैशाने सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "गाडीवानांना दटावून सांगू." मी म्हणालो, "शेठ, सगळ्यांत जास्त वेळ तुमच्याच तीन गाड्या उभ्या असतात." तोंड आवरायची मला कधीच सवय नव्हती. शेठ हसले आणि म्हणाले, "मग मिस्त्री, तूच काढ तोड."

आणि मी काढली! आजही सांगताना छाती फुगते. गल्लीत गाडी किती वेळ उभी राहील याला मर्यादा घालायची, हे कुणालाही सुचलं असतं. पण वेळ मोजायची कशी? घड्याळ एकट्या साहेबांकडे. सूर्याकडे बोट दाखवून भांडायला बसलं तर बाजार तिथेच उठायचा. माझं दुकान गाडीवानांनी भरलेलं असायचं, त्यामुळे त्यांची बोली मला ठाऊक होती. घाट चढून आले की ते म्हणायचे, "एक पेंढी बसू, मग निघू." भाताच्या पेंढ्याची एक पेंढी बैलांनी खाऊन संपवायला लागतो तेवढा वेळ. सगळ्या डोंगरात हेच माप. तेच मी उचललं.

नियम असा. गाड्या एकाच बाजूला लावायच्या. आत आलेल्या प्रत्येक गाडीला गल्लीकडून एक पेंढी फुकट. ती बैलांपुढे टाकायची, आणि संपली की गाडी बाहेर काढायची. अजून थांबायचं असेल तर दुसरी पेंढी एक पैशाला, तिसरी दोन पैशांना, चौथी चार. जमलेल्या पैशांतून पुढच्या बाजाराचा पेंढा घ्यायचा. पेटी माझ्याकडे. दुकानाबाहेरच्या झाडाला मी एक जुनी झिजलेली धाव टांगली. तिच्यावर हातोडा मारला की टोल गावभर ऐकू जायचा.

पहिल्या बाजाराला काय धमाल झाली म्हणून सांगू! सकाळपासून मी पेंढ्या वाटत होतो. दुपार झाली तरी एकही गाडी हलेना. मला वाटलं, आज बैलांना झालंय तरी काय? जाऊन पाहतो तर निम्म्या गाडीवानांनी बैलांच्या तोंडाला मुसकी बांधलेली! समोर पेंढी, तोंड बंद, आणि मालक निवांत तंबाखू मळतोय. साखरशेतचा एक जण तर स्वतःच पेंढीवर ऐसपैस बसला होता. "बसलो म्हून काय झालं? संपली का? नाय ना?" असं मलाच विचारतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एकेका बैलाची मुसकी सोडत गल्लीभर पळालो, आणि मागून सगळा बाजार हसत होता. मीही शेवटी हसलो. काय करणार!

दुसऱ्या बाजाराला मुसकी बंद केली, आणि पेंढीवर बसणाऱ्याला पैसा लावला. मग मात्र गाड्या हलायला लागल्या. एक आत, एक बाहेर. ज्याला खरंच काम होतं तो पैसा टाकून थांबला, ज्याला नुसत्या गप्पा मारायच्या होत्या तो बाहेर झाडाखाली जाऊन मारू लागला. दुपारी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून पाहिलं, तर गल्लीचा दुसरा शेवट दिसला. जन्मल्यापासून बाजारच्या दिवशी मला तो कधी दिसला नव्हता! मी आईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि म्हणालो, "अम्मा, बघ, रस्ता!" तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मला नाचावंसं वाटत होतं. साहेबांचा टांगा जिंकल्यातच जमा होता.

तिसऱ्या बाजाराला पोशेऱ्याची बाई आली.

चाळिशीची, सडसडीत, डोक्यावरून पदर मागे बांधलेला, आणि गाडी स्वतः हाकत आलेली. नवरा तापाने पडला होता, असं नंतर कळलं. गाडीत नागलीची सात पोती. बैलांची हाडं मोजून घ्यावीत. आदल्या दिवसापासून चढउतार तुडवत आले होते. मी पेंढी टाकली. तिने पहिल्या पोत्याचं तोंड सोडेपर्यंत बैलांनी पेंढी फस्त केली आणि जमीन चाटायला लागले.

मी पेटी पुढे केली. "पैसा टाका, नाहीतर गाडी काढा."

"मिस्तरी, अजून दानाबी इकला नाय. पैसा कुठनं आनू?"

"ते मला माहीत नाही. नियम सगळ्यांना एकच आहे."

ती गाडीवरून उतरली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने शेठच्या दुकानाकडे बोट केलं. तिथे शेठच्या तीन गाड्या पहाटेपासून उभ्या होत्या. बैल गुबगुबीत, घरून कोंडा-चुणी खाऊन आलेले. पुढ्यात टाकलेली पेंढी त्यांनी नुसती हुंगून ठेवली होती. पहाटेची पेंढी, जशीच्या तशी, आणि एकाही पैशाचा भुर्दंड नाही.

"त्यांची पेंढी कवा संपायची?" ती म्हणाली. "भुकेल्या बैलाला तुजी पेंढी आखूड, नि भरल्या पोटाच्या बैलाला लांब. ह्यो कसला एकच नियम?"

भोवतालचे लोक ऐकत होते. अडलो की मी ओरडतो. मी ओरडलो. "गाडी काढा म्हणतो ना!" तिने पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, बैल वळवले आणि सातच्या सात पोती घेऊन बाहेर गेली. शेठ दुकानातून पाहत होते. ते माझ्याकडे बघून हसले, आणि ते हसू मला चटक्यासारखं लागलं. गाड्यांचं सगळं मला कळत होतं, धाव, आरे, आख. बैल मात्र मी कधी पाहिलाच नव्हता. पेंढी हे माप घाटातल्या भुकेल्या बैलांचं. शेठच्या दारातल्या बैलांना ते लागूच पडत नव्हतं, आणि हे मला, त्या मापाचा मोठा शोध लावणाऱ्याला, दिसलंच नव्हतं. आपलीच लाज वाटणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला शोधायला निघालो. ती वेशीबाहेरच्या आंब्याखाली होती, बैलांना विसावा देत. मला वाटलं शिव्या देईल. तिने सरकून सावलीत जागा केली. मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं. पण आता माप कसं बदलू? एकच बाजार राहिलाय. टांगा अडला तर माझं दुकान गेलं." सगळं सांगून टाकलं, साहेब, माळ, भट्टी, सगळं.

ती नागलीची भाकर खात होती. अर्धी मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खळ्यावर मळणी बगितलीस कदी? चार-पाच बैल एका दावणीला फिरतात. मळणी सोडायची कवा? दमलेल्या बैलाकडं बगून सोडायची. धडधाकटाकडं बगत बसलं तर दमलेला मरंल ना."

मी भाकरी हातात धरून उडीच मारली! खरंच मारली, तिचे बैल बिचकले. सगळ्यांत भुकेल्या बैलाची पेंढी हेच सगळ्यांचं माप! भज्यांचे घाणे काढतात तशा गाड्यांच्या खेपा करायच्या. बारा गाड्या एकदम आत. त्यांतल्या सगळ्यांत रोडक्या जोडीपुढे एक पेंढी. ती संपली की टोल, आणि बाराही गाड्या बाहेर, मग त्यात शेठच्या असोत की कुणाच्या. दुसऱ्या खेपेलाही राहायचं असेल तर पैसा. तिसऱ्या खेपेला दोन. मी पळत गल्लीत आलो. त्या धावण्याला बावीस वर्षांचे पाय होते, म्हणून पोहोचलो.

बैठकीत शेठनी ऐकून घेतलं. "भुकेल्या बैलाची पेंढी किती वेळ टिकणार, मिस्त्री? माझ्या गाड्या भरून तरी होतील का?" मी म्हणालो, "नाही झाल्या तर पैसा टाका, शेठ." बाकीचे दुकानदार माझ्या बाजूने होते. शेठ पुन्हा हसले. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

चौथा बाजार. मी पहाटेच उठून धाव पुसून ठेवली होती. छातीत भाता चालल्यासारखं धडधडत होतं. पोशेऱ्याची बाई आली, पहिल्याच खेपेत. तिच्या बैलांकडे पाहून सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं, माप हिच्याच जोडीचं. मी पेंढी सोडली, बैलांपुढे टाकली आणि हातोडा घेऊन उभा राहिलो. आत्ता संपते, आत्ता संपते!

बैलांनी पेंढीकडे पाहिलं. एकाने एक काडी उचलली. दुसरा खाली बसला आणि डोळे मिटून रवंथ करायला लागला.

मी वाट पाहिली. बाराच्या बारा गाड्या उभ्या. शेठच्या तीन गाड्यांत पोती चढायला लागली, सावकाश, निवांत. बाहेर दाभोशाच्या, साखरशेतच्या गाड्या येऊन थांबत होत्या. पंधरा, तीस, पंचेचाळीस. रांग गल्लीचं तोंड बुजवून मोठ्या रस्त्यावर गेली. ओरडाआरडा सुरू झाला. पेंढी जशीच्या तशी.

"बाई, ह्यांना झालंय काय?" मी किंचाळलो.

तिने मान खाली घातली. "पहाटं येशीवर शेटचा गडी आला. टोपली भरून कोंडा घातला बैलांना. मी नाय कशी म्हनू? जलमल्यापासनं माज्या बैलांनी कोंडा चाखला नवता."

मी शेठकडे वळलो. ते गादीवर बसून पान लावत होते. "मिस्त्री, भुकेल्या जनावराला चारलं, त्यात माझं काय चुकलं?" माझ्या हातात हातोडा होता. त्या क्षणी शेठचं नशीब बरं, एवढंच म्हणतो. आणि तेवढ्यात रांगेच्या पलीकडून, मोठ्या रस्त्यावरून, घोड्याच्या घुंगरांचा आवाज आला.

साहेब येत होते. अजून दूर, चढाच्या खाली. पेंढी संपल्याशिवाय टोल द्यायचा नाही हा नियम मीच केला होता. तो मीच मोडला तर पुढच्या वेळी माझं कोण ऐकणार? भट्टी, दुकान, वडिलांची ऐरण, सगळं त्या एका पेंढीखाली अडकलं होतं, आणि बैल झोपला होता.

पोशेऱ्याच्या बाईने घुंगरं ऐकली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या रांगेकडे. मग वाकून तिने बैलांपुढची पेंढी उचलली, काखेत मारली, आणि भराभरा गल्लीच्या तोंडाशी गेली. रांगेतली पहिलीच गाडी साखरशेतची, तिचे बैल तोंडाला फेस आलेले. तिने पेंढी त्यांच्यापुढे फेकली. "भायेर बी भुकेलीच हायेत की!" ती ओरडली.

तुम्हाला सांगतो, एवढी भूक मी पाहिली नाही. दोन्ही बैल त्या पेंढीवर तुटून पडले. मागच्या गाडीच्या बैलानेही मान लांबवून दोन घास ओढले. पापणी लवते न लवते तोच जमिनीवर एक काडी शिल्लक नाही. पेंढी संपली!

मी असा टोल मारला की हाताला मुंग्या आल्या. घण! घण! घण! "काढा गाड्या! पेंढी संपली! काढा!" बाहेरच्यांनी सगळं पाहिलं होतं, त्यांनी एकच कल्ला केला. सगळ्यांत आधी तिनेच आपले बैल उठवले आणि गाडी पलीकडच्या तोंडाने बाहेर काढली. तिच्यामागे अकरा गाड्या. शेठच्या अर्धवट भरलेल्या गाड्याही निघाल्या, कारण मागचे गाडीवान पराण्या उगारून उभे होते. रांग एका कडेला सरकली. आणि टांगा आत शिरला. घोडा दुडकत आला, माझ्या दुकानापुढून दुडकत गेला, आणि पलीकडच्या तोंडाने दुडकतच बाहेर पडला. एकदाही थांबला नाही! साहेबांनी वळून हात वर केला. गल्ली ओरडली, मी ओरडलो, अम्मा पायरीवर उभी राहून डोळे पुसत होती. बाजार राहिला. माझं दुकान राहिलं. मी शेजारच्या अत्तारवाल्याला उचलून गरगर फिरवला.

दुपारनंतर, तीन खेपा होऊन गेल्यावर, मी रांगेच्या शेवटापर्यंत चक्कर मारायला गेलो. आनंदाने मी जो दिसेल त्याच्याशी बोलत होतो. सगळ्यांत शेवटी, मोठ्या रस्त्याच्या वळणावर, तिची गाडी उभी होती.

मी हसत म्हणालो, "अजून इथेच? नागली खपली ना?"

तिने गाडीवरचं कांबळं बाजूला केलं. सातही पोती तशीच होती, तोंडं बांधलेली. सकाळी सगळा बाजार तिच्या बैलांभोवतीच जमला होता, त्या गडबडीत तिने एकाचंही तोंड सोडलं नव्हतं. टोल पडला तेव्हा ती रिकाम्या हाताने बाहेर गेली होती, आणि वळसा घालून मुकाट्याने रांगेच्या शेवटाला येऊन थांबली होती.

"माजी पाळी कवा येल, मिस्तरी?" तिने विचारलं.

मी तिला पुढे घेतो म्हणालो तर ती नको म्हणाली, पुढच्यांनाही लांब जायचंय. तेव्हा मी हातोडा अत्तारवाल्याकडे दिला, आणि वरचं पोतं खांद्यावर घेऊन पायीच गल्लीत शिरलो. पायी येणाऱ्याला पेंढी लागत नव्हती. सात पोती, सात खेपा, शेठच्या दुकानासमोरच माझ्या पायरीवर आणून मांडली, आणि ऊन उतरेपर्यंत माप धरून तिची नागली विकली.